रेनेसान्स वॅक्स: बेळगाव-खानापूरच्या पावसात जुन्या लष्करी रिव्हॉल्व्हरला कितपत पुरतं?

रेनेसान्स वॅक्स या संरक्षक मेणाचा डबा घ्यावा का? घ्यावा. एकोणिसाव्या शतकातल्या रिव्हॉल्व्हरला बाहेरून लावायला आपल्याला मिळू शकणाऱ्या मालात यापेक्षा बरं काही नाही. अट एकच. आधीची धुलाई नीट झालेली नसेल तर हेच मेण गंजावर पांघरूण घालतं आणि खाली गंज निवांत वाढत राहतो. खानापूरकडच्या हवेत ही चूक एकाच पावसाळ्यात उघडी पडते. म्हणून इथे डब्याइतकीच जागा डबा उघडायच्या आधीच्या कामाला दिली आहे. मालाला पाचपैकी चार गुण. एक का कापला ते पुढे येईलच.

माल दिसायला थिजलेल्या तुपासारखा, पांढरट, रॉकेलच्या जवळपास जाणारा वास असलेला. सूत्र १९५० च्या दशकात ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेतून आलं. मुख्य घटक म्हणजे पेट्रोलियमपासून काढलेलं मायक्रोक्रिस्टलाइन मेण. थर टणक व्हावा म्हणून त्यात थोडं पॉलिथिलीनचं मेण, आणि दोन्ही पातळ ठेवायला व्हाइट स्पिरिट (रंग पातळ करायचं खनिज टर्पेंटाइन). लावल्यावर स्पिरिट उडून जातं आणि मागे कोरडा, हाताला न चिकटणारा थर राहतो. मधमाशीच्या मेणात मुळातच आम्लं असतात, ती पितळ-तांब्यावर हिरवट चिकटा आणतात. इथे ती भानगड नाही. घासणारी पूडही नाही, त्यामुळे लोखंडावर घडणीच्या वेळी चढवलेला, आता उरलासुरला निळा मुलामा खरवडला जात नाही. डबे ६५ आणि २०० मिलिलिटरचे येतात.

आता आपली हवा. लोखंड स्वच्छ असलं तरी सापेक्ष आर्द्रता साधारण ६५ टक्क्यांच्या वर गेली की गंजाचा वेग एकदम वाढतो. पृष्ठभागावर क्षार असले तर त्याच्याही बरंच खाली सुरू होतो. अथणी-रायबागकडे हा आकडा पावसाळ्यात ओलांडला जाईल. खुद्द बेळगावात मृगापासून हस्तापर्यंत चिंता करायची. आणि जांबोटी, कणकुंबी, आमगावकडे तर भिंतीच पाणी पितात. तिथे उघड्यावर टांगलेल्या लोखंडाला कुठलंही मेण एकटं पुरणार नाही, डबाबंद साठवण हवीच.

बेळगावचा किल्ला १८१८ साली इंग्रजांच्या हाती गेला, मागोमाग छावणी आली, आणि १९२२ पासून मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथे आहे. लष्करी जुन्या वस्तूंची ओढ असणारे लोक या भागात का सापडतात, याचं उत्तर त्यातच आहे. संग्राहकांच्या बोलण्यात येणारी रिव्हॉल्व्हरं ढोबळमानाने दोन जातींची. ठासणीची, म्हणजे सिलिंडरच्या प्रत्येक घरात समोरून दारू आणि गोळी ठासायची आणि मागच्या निपलवर (ठिणगी आत नेणाऱ्या पोकळ खुंटीवर) घोड्याच्या ठोक्याने पेटणारी टोपी बसवायची: १८५१ चं कोल्ट नेव्ही, १८५६ चं पाच घरांचं ब्यूमाँट-अ‍ॅडम्स, ट्रँटर. आणि काडतुसाची: .४५० इंच मापाचं अ‍ॅडम्स, १८८० चं एनफिल्ड मार्क १, १८८२ चं मार्क २, आणि १८८७ पासूनचं .४५५ चं वेब्ली. मेण सगळ्यांना तेच, पण प्रत्येकाची दुखरी जागा निराळी.

ठासणीच्या रिव्हॉल्व्हरबाबत पहिलं काम मेणाचं नाही, काडीचं आहे. दीडशे वर्षांपूर्वी ठासलेली दारू आणि गोळी तशीच आत असलेली हत्यारं आजही निघतात, आणि काळी दारू कोरडी राहिली तर ती वयाने निकामी होत नाही. उदबत्तीच्या काडीसारखी बारीक, बोथट टोकाची लाकडी काडी समोरून प्रत्येक घरात घाला, काठाशी खूण करा आणि ती खोली सिलिंडरच्या बाहेरून मोजलेल्या लांबीशी ताडून बघा. रिकाम्या घरात काडी जवळजवळ निपलच्या बुडापर्यंत जाते. एका घरात ती इतरांपेक्षा दीड-दोन सेंटिमीटर आधीच थांबली तर हात मागे घ्या. हेअर ड्रायर नाही, उकळतं पाणी नाही, कोरून काढण्याचा प्रयत्न तर मुळीच नाही, पोलिसांना कळवायचं. पाचही किंवा सहाही घरं भरलेली असतील तर सगळ्या खोल्या सारख्याच येतील आणि फसगत होईल, म्हणून बाहेरच्या लांबीशी तुलना सोडायची नाही.

दुसरं काम क्षारांचं. काळ्या दारूची राख पोटॅशियमच्या क्षारांनी भरलेली असते, आणि जुन्या टोप्यांतल्या क्लोरेटचं रूपांतर पोटॅशियम क्लोराइडमध्ये होतं. दोन्ही हवेतलं पाणी ओढतात. हे क्षार पाण्यात विरघळतात, तेलात नाही. तेलाने शंभरदा पुसलं तरी निपलच्या खोबणीत ते तसेच राहतात, आणि लोक म्हणतात की दरवर्षी तेल घालतो तरी तिथेच कसा गंजतो. म्हणून सिलिंडर काढून घेऊन ते आणि नळी गरम डिस्टिल्ड वॉटरने धुवायची. एका रिव्हॉल्व्हरला दोन लिटर पाणी पुष्कळ: एक लिटर धुवायला, एक खळखळून काढायला. मऊ ब्रश, साबणाचा एखादा थेंब. बोअरचं पाणी वापरू नका, त्यात क्लोराइड असतंच. बॅटरीच्या दुकानातलं सीलबंद डिमिनरलाइज्ड पाणी चालतं. शेवटी आयसोप्रोपाइल अल्कोहोल ओतून पाणी बाहेर काढा आणि कोमट हवेने वाळवा. मग लगेच मेण लावायची घाई करू नका. दोन दिवस उघड्या, कोरड्या जागी ठेवून बघा. निपलच्या बुडाशी, घरांच्या काठाशी तपकिरी घामाचे बारीक थेंब दिसले तर क्षार अजून आत आहेत, पुन्हा धुवा. ही दोन दिवसांची थांब बहुतेकजण गाळतात आणि मेणाला नावं ठेवतात.

लाल गंज असेल तर? चिंच, लिंबू, व्हिनेगर, बाजारातलं आम्लाचं रस्ट रिमूव्हर, हे सगळं गंजाबरोबर निळा मुलामाही खाऊन टाकतं आणि मागे राखाडी, ओकंबोकं लोखंड उरतं. त्यापेक्षा सुटा केलेला लोखंडी भाग डिस्टिल्ड वॉटरमध्ये वीस ते तीस मिनिटं उकळा. लाल गंजाचा काळा, स्थिर ऑक्साइड होतो. मग चार शून्यांच्या, म्हणजे सगळ्यात बारीक, स्टील वूलने अगदी हलक्या हाताने पुसा, काळी पूड निघेल. परत उकळा. दोन-तीन फेऱ्यांत लाल रंग बंद होतो आणि त्या जागेला जुन्या मुलाम्याशी जुळणारी काळसर छटा येते. भांडी घासायची तारेची घासणी चार शून्यांची नसते. ती ओरखडे पाडते. निकेलचा मुलामा असलेल्या हत्याराला हा उपाय करायचा नाही, आणि मूठ तर आधी काढून ठेवायची हे वेगळं सांगायला नको.

मूठ काढताना जरा थांबा, इथेच जास्तीत जास्त नुकसान होतं. व्हिक्टोरियन काळातल्या स्क्रूची खाच अरुंद आणि दोन्ही बाजूंनी समांतर असते. आपला नेहमीचा पेचकस टोकाकडे पाचरीसारखा निमुळता असतो. तो खाचेत तळापर्यंत बसत नाही, वरच्या कडांवर जोर देतो आणि कडा फाटतात. पातं घासून समांतर करा, रुंदी खाचेइतकी, जाडी अशी की पेचकस स्क्रूत उभा राहिला पाहिजे. अडला तर भेदक तेलाचा थेंब आणि एक-दोन दिवस वाट. ठोकायचं नाही. फाटक्या खाचेचा मूळ स्क्रू हा नव्या चकचकीत स्क्रूपेक्षा केव्हाही बरा, त्यामुळे बदलायच्या फंदात पडू नका.

वेब्लीच्या मुठी लाकडी नसतात, त्या व्हल्कनाइटच्या, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराच्या. उजेड आणि ओलावा मिळाला की त्यातलं गंधक हळूहळू आम्ल बनून बाहेर पडतं. काळी मूठ तपकिरी, शेवाळी दिसायला लागली की हे चालू झालं समजा. मुठीखालच्या चौकटीवर नेमका मुठीच्या आकाराचा गंज का असतो, त्याचं कारण हेच. अशा मुठीला गरम पाणी अजिबात लावायचं नाही, रंग तिथल्या तिथे उडतो. कोरड्या मऊ कापडाने पुसून हेच मेण अगदी पातळ लावा, आणि तिच्याखालच्या लोखंडाला दोन हात द्या. व्हल्कनाइटवर हे मेण छान बसतं.

एनफिल्डची तऱ्हा वेगळी. हे बिजागरीवर उघडलं की नळी खाली झुकते आणि सिलिंडर पुढे सरकतं, काडतुसं धरून ठेवणारी चांदणी मात्र चौकटीशीच राहते. त्या काळीही खालचं रिकामं काडतूस अडकून राहतं अशी तक्रार होती. संग्राहकाच्या दृष्टीने भानगड अशी की चांदणीच्या मागे आणि सिलिंडरच्या आसाभोवती जुनं वंगण, धूळ आणि राख यांचा डांबरासारखा लगदा बसलेला असतो. तिथे मेण घालून उपयोग नाही. व्हाइट स्पिरिटने लगदा विरघळवायचा, कापूस गुंडाळलेल्या काडीने टिपून घ्यायचा, आणि हलणाऱ्या भागाला पातळ खनिज तेलाचा एकेक थेंब. मेण हे हलणाऱ्या भागाचं वंगण नव्हे. घोडा, चाप, आतल्या कमानी (स्प्रिंगा) यांना तेलच. कमानीवर मेण गोठलं तर घोडा अडखळतो, आणि मग कोणीतरी जोर लावून दीडशे वर्षांची कमान मोडतो.

आता प्रत्यक्ष लावणं. लोखंड आधी व्हाइट स्पिरिटने पुसून तेलकटपणा काढा, नाहीतर मेण तेलावर तरंगतं. मग धातू कोमट करा, हाताला सुखाचं ऊन लागेल इतका, चाळीसेक अंश. मार्चच्या उन्हात काळ्या कापडावर दहा मिनिटं ठेवलं तरी भागतं. कोमट धातूवर मेण पातळ होऊन खड्ड्याखुड्ड्यांत उतरतं. थंड धातूवर ते वरच्यावर बसतं आणि खड्डे पांढरे दिसतात. प्रमाण: अख्ख्या रिव्हॉल्व्हरला हरभऱ्याच्या डाळीएवढं मेण. पहिल्यांदा लावणारा नेहमी दसपट घेतो. जुन्या, बऱ्याचदा धुतलेल्या सुती धोतराचा तुकडा बोटाला घट्ट गुंडाळा, त्यावर मेण चोळून कापडात जिरवा आणि मग तीन-चार सेंटिमीटरचा भाग घेऊन गोल गोल फिरवा. मिनिटभरात, थर पूर्ण कडक व्हायच्या आत, दुसऱ्या कोरड्या कापडाने झळाळी आणा. पुढचा भाग. असं अख्खं झालं की काही तास सोडा आणि दुसरा हात त्याच पद्धतीने. दोन पातळ हात पुरतात. चौथ्या-पाचव्या हाताने संरक्षण वाढत नाही, नुसती धूळ धरणारी चकाकी येते.

नळीच्या आत आणि सिलिंडरच्या घरांतही हात फिरला पाहिजे. लाकडी काडीला कापसाचा बोळा, त्यावर मेणाचा पुसटसा अंश, आणि नळी कोमट. निपलच्या छिद्रात मेण जाऊ देऊ नका.

अक्रोडाच्या मुठीवर जाळीदार कोरीवकाम असतं, त्या जाळीच्या खाचांत मेण वाळून पांढरी रेघ राहते. एक गुण कापला तो इथे. डब्यावरच्या सूचनांनी इतकं भागत नाही. मऊ केसांचा जुना टूथब्रश जवळ ठेवा आणि मेण ओलं असतानाच खाचांतून ब्रश ओढा. वाळून गेलं असेल तर ब्रशला व्हाइट स्पिरिटचा ओलावा देऊन परत काढता येतं. ते बरं आहे, कारण जुन्या वस्तूला लावलेली प्रत्येक गोष्ट काढता आली पाहिजे.

बाकी पर्यायांचं काय? शिलाई मशीनचं तेल हाताशी असतं, स्वस्त असतं, आणि आतल्या भागांना उत्तम. बाहेरून मात्र ते ओघळतं, धूळ धरतं आणि पावसाळ्यात परत परत लावावं लागतं. डब्ल्यूडी-४० मुळात पाणी हटवण्यासाठी बनवलेलं आहे. धुलाईनंतर अडकलेलं पाणी काढायला चालेल, पण मागे राहणारा थर फार पातळ, त्यावर सहा महिने विसंबून राहणं नको. व्हॅसलिनची थट्टा करतात, पण जाड लावलेलं व्हॅसलिन गंज बरा अडवतो, फक्त हात लावायची सोय राहत नाही आणि केस-धूळ चिकटते. गाडीचं पॉलिश घेऊ नका, बहुतेकांत बारीक घासणारी पूड आणि सिलिकॉन असतं. पूड मुलामा खाते, सिलिकॉन नंतर निघत नाही. खोबरेल तेलाबद्दल आपल्याकडे फार माया. ते खवट होतं, त्यातली स्निग्धाम्लं लोखंडाला आणि विशेषतः पितळी भागांना त्रास देतात, आणि जुनं झालं की चिकट पापुद्रा धरतं. केसांनाच राहू द्या.

मेण कितीही चांगलं असलं तरी त्याचा थर केसाहून पातळ असतो, हाताळला की झिजतो, आणि हवेतल्या बाष्पाला तो फक्त उशीर करतो. म्हणून साठवण. रबरी गॅस्केट असलेला प्लास्टिकचा डबा घ्या, आतून ४० × ३० × १५ सेंटिमीटर, म्हणजे १८ लिटर. २५ अंशाला पूर्ण ओल्या हवेतही या डब्यातलं पाणी अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी भरतं. तेवढं शोषायला चमचाभर सिलिका जेल पुरे. मग डब्यात २०० ग्रॅम जेल घालायचं ते कशाला? कारण खरं पाणी आतल्या हवेत नसतं, ते चार महिने झाकणाच्या फटीतून येत राहतं. गॅस्केट खराब असेल तर किलोभर जेल घातलं तरी ते शेवटी भिजतंच. जेलपेक्षा झाकणावर पैसे घाला.

जेल नारिंगी रंगाचं घ्या. निळ्यात कोबाल्टचा विषारी क्षार असतो. भिजलं की ११०-१२० अंशावर दोन-तीन तास तापवून परत वापरता येतं, मात्र खाण्याच्या भांड्यात नको. डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवा आणि काटा ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास राखा. त्याहून फार खाली गेला तर अक्रोडाची मूठ आकसून तडकते. तेव्हा थोडं जेल बाहेर काढायचं. तपासणीचे तीन दिवस ठरवून टाका: मृग निघाला की, नारळी पौर्णिमेच्या सुमारास, आणि दसऱ्याच्या आधी. कणकुंबीकडे असाल तर दर पंधरा दिवसांनी.

रिव्हॉल्व्हर चामड्याच्या म्यानात ठेवून दिलं की काम झालं, हा समज फार पसरलेला आहे. म्यानाचं कातडं साल-टॅनिनने कमावलेलं, त्यात आम्ल आणि ओलावा दोन्ही असतात. पितळी गुंडीभोवती जो हिरवा मेणकट चिकटा दिसतो तो त्याचाच पुरावा. म्यान वेगळ्या कापडी पिशवीत, आत न छापलेला, आम्लमुक्त कागद भरून. ओक लाकडाच्या मूळ पेटीतही असाच धोका: ओकमधून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिशाच्या गोळ्या पांढऱ्या भुकटीत बदलतात. पेटी जपा, पण गोळ्या आणि रिव्हॉल्व्हर बाहेर काढून. नवी पेटी करायची असेल तर एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) टाळा.

खंडेनवमीचा विषय टाळता येणार नाही. शस्त्रपूजा व्हायलाच हवी, पण ओलं हळदकुंकू थेट लोखंडावर लावलं की ते पाणी धरून बसतं, आणि दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघनाच्या गडबडीत पुसायचं राहून जातं. चार दिवसांनी कुंकवाच्या बोटाखाली बोटाच्याच आकाराचा गंज. झेंडूच्या ओल्या पाकळ्यांचंही तेच. पाटावर रिव्हॉल्व्हरखाली कोरडं कापड, कुंकू पाटाला किंवा मुठीशी बांधलेल्या सुपारीला, फुलं बाजूला, अक्षता कोरड्या. घरातल्या वडीलधाऱ्यांना थेट लोखंडालाच कुंकू लावायचं असेल तर आधीचा मेणाचा थर ताजा असू द्या आणि त्याच संध्याकाळी पुसून घ्या. मेणावरचं कुंकू कोरड्या कापडाने निघतं, उघड्या लोखंडावरचं डाग सोडून जातं. या एका दिवसासाठी तरी डबा वसूल होतो.

आता बफिंग. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कुठल्याही पत्र्याला आरसा करून देणारे कारागीर आहेत, आणि तिथे नेऊन रिव्हॉल्व्हर चकाचक करून आणायचा मोह होतो. एक तर शस्त्राची दुरुस्ती हे शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ खाली परवान्याचं काम आहे, ते कोणाही लेथवाल्याने करायचं नाही. दुसरं, बफिंगचं चाक पहिल्या दोन मिनिटांत काय खातं ते बघा. चौकटीच्या धारदार कडा गोल होतात, स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखे खोलगट खड्डे पडतात, आणि ठसे पुसट होतात. ठसे म्हणजे त्या वस्तूचा सातबारा. सरकारी मालाचा बाण, त्याच्या जोडीला हिंदुस्थानी खात्याचं ‘आय’ अक्षर, नोकरीतून काढून विकल्याचे टोकाला टोक भिडवलेले दोन बाण, बर्मिंगहॅमच्या चाचणीचे मुकुटाचे ठसे. हे सगळे ठसे अर्धा मिलिमीटरही खोल नसतात.

याच ठशांवरून खैबर खिंडीकडे घडवलेली गावठी नक्कलही ओळखता येते. मुकुटाखाली ‘व्ही. आर.’ आणि साल १९०५ असेल तर प्रश्नच मिटला. व्हिक्टोरिया राणी जानेवारी १९०१ मध्ये वारली. उलटं कोरलेलं ‘एन’, एनफिल्डच्या स्पेलिंगमधली चूक, ठोकलेल्याऐवजी छिन्नीने खोदलेली अक्षरं, ही बाकीची लक्षणं. मेण लावल्यावर ठसे वाचायला सोपे जातात, कारण चकाकी सारखी होते. टॉर्च जवळजवळ आडवा धरून तिरप्या उजेडात फोटो काढा. फोटो मेण लावण्याआधी आणि नंतर, दोन्ही.

कायद्याचं थोडक्यात. ‘अँटिक आहे, परवाना कशाला’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ मधली सूट मिळते ती जुन्या बनावटीच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडक्या हत्याराला, पण ते दुरुस्त करून किंवा न करताही बंदूक म्हणून वापरता येत नसेल तरच. चालतं वेब्ली वयाने सुटत नाही. निकाल घरच्या घरी लावू नका, परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडून लेखी घ्या. परवानाधारक वारला तर हत्यार घरात ठेवून चालत नाही. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून मग वारसाच्या नावाचा अर्ज. सीमाभागात आणखी एक फास: कोल्हापूर आपल्याला शेजारचं गाव वाटतं, पण ते दुसऱ्या राज्यात आहे. परवान्यावर कुठलं क्षेत्र लिहिलंय ते वाचल्याशिवाय निपाणीच्या पुढे हत्यार न्यायचं नाही. शिवाय शंभर वर्षांवरच्या वस्तूला १९७२ चा पुरावशेष कायदा लागतो. परदेशी पाहुण्याला भेट म्हणून बॅगेत घालून देणं हा गुन्हा आहे.

खरेदीबद्दल एवढंच. दोन-तीन हत्यारांच्या मालकाला ६५ मिलिलिटरचा डबा वर्षानुवर्षं पुरतो, २०० चा घेऊन स्पिरिट उडू देण्यात अर्थ नाही. मोठ्या डब्यातून काढून साध्या डबीत भरलेला सुटा माल घेऊ नका; आत नेमकं काय आहे ते नाकाने कळत नाही. आयात माल असल्याने विक्रेत्यागणिक किमतीत बराच फरक पडतो, तेव्हा दोन ठिकाणी विचारा. व्हाइट स्पिरिट पेट घेतं, म्हणून देवघराच्या समईजवळ किंवा गॅसपाशी काम करू नका आणि खिडकी उघडी ठेवा. मेण वाळून दाणेदार झालं तर डबा टाकू नका. व्हाइट स्पिरिटचे काही थेंब घाला, झाकण लावा, एक रात्र जाऊ द्या आणि सकाळी लाकडी काडीने ढवळा. परत तुपासारखं होतं.